कासवाची उजवी बाजू

टीं… टीं… टीं…

वीज गेली की आमच्या शाळेच्या संगणक खोलीतला बॅटरीचा डबा असा कण्हायचा. त्यापाठोपाठ पत्र्याच्या पडद्यापलीकडून पोरांचा एक सामुदायिक सुस्कारा ऐकू यायचा आणि मग सारं शांत. पडद्याच्या अलीकडे मी आठवीच्या वर्गाला कविता शिकवत असे. कितीतरी वर्षं झाली. तो डबा केव्हाच भंगारात गेला, पत्र्याच्या जागी विटांची भिंत आली, माझ्या डोक्यावरचे केस गेले. पण दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो, आणि त्याच्यामागून वर्गानं चालीवर म्हटलेली कविता. दोन्ही आवाज मनात असे विणले गेले आहेत की एक आला की दुसरा येतोच.

त्या दिवशीची कविता मोठी हळवी होती. सासरी निघालेली लेक उंबरठ्यावर थबकते, असा प्रसंग. मी तिसऱ्या कडव्यापर्यंत आलो होतो, पुढच्या बाकावरच्या मुलींचे डोळे भरले होते, आणि पलीकडून आवाज आला, "वळ. वळ की गं. घुसलीस का भिंतीत? जा आता परत पहिल्यापासून." माझा सगळा वर्ग हसत सुटला. लेक उंबरठ्यावरच राहिली. हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि भांडायला निघालो.

मी बाहेर येईतो वीज गेली, डबा कण्हू लागला आणि खोलीतली सगळी पोरं पटांगणात आली. नव्यानंच रुजू झालेल्या गणिताच्या बाई खाली वाकून फक्कीच्या रेघा ओढत होत्या. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी पूड. रेघा आडव्या, उभ्या, मध्येच तुटलेल्या. त्या रेघांच्या मधोमध एक मुलगी डोळ्यांवर दस्ती बांधून उभी, आणि भोवती पोरांचा घोळका.

"बाई," मी म्हणालो, "हा तास आहे की सुट्टी?"

बाईंनी मान वर केली नाही. "गुरुजी, जरा बाजूला व्हा. तुम्ही भिंतीवर उभे आहात."

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेखाली फक्कीची रेघ होती. मी बाजूला झालो.

श्रीमती शकुंतला कऱ्हाळे यांची आणि माझी ही पहिली ओळख. आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. मी त्यांच्याहून बराच मोठा. एवढ्या सहवासात त्यांनी मला पुष्कळ काही शिकवलं, पण कुणाच्या चपलेसाठी त्यांनी भिंतीची रेघ पुसलेली मात्र मी पाहिली नाही.

गौरव समितीच्या मंडळींनी बाईंच्या गौरवग्रंथासाठी लेख मागताना मला एक सूचना केली होती. "गुरुजी, तुमी लय गोड लिहिता. गोडच लिहा. तेवढा खोलीचा विषय नको." समितीतली ही मंडळी माझेच विद्यार्थी. त्यांचा संकोच मी समजू शकतो. पण ज्या बाईंनी आयुष्यभर पोरांना भुलभुलैयातून वाट काढायला शिकवलं, त्यांच्या गौरवाच्या लेखात त्यांच्याच खोलीला लागलेलं कुलूप लिहायचं नाही, हे मला जमणारं नाही. तेव्हा वाचकांना आधीच सांगून ठेवतो. मी हा लेख लिहितो आहे तेव्हा आमच्या शाळेची संगणक खोली बंद आहे. बाई सेवानिवृत्त झाल्यावरही दर शनिवारी तिथं विनावेतन तास घेत होत्या. संस्थेनं ती खोली बाहेरच्या एका शिकवणीवर्गाला द्यायचं ठरवलं आहे. सत्काराच्या दिवशी बाईंना शाल मिळायची आहे आणि त्याच मंडपात त्यांच्याजवळची खोलीची किल्ली, ती आता कुलपाला लागत नसली तरी, रीतसर परत घ्यायची आहे. बाईंचं म्हणणं एवढंच आहे, "शाल द्या किंवा देऊ नका. किल्ली मी देणार नाही." माझंही म्हणणं तेच आहे, आणि म्हणून या लेखातली साखर थोडी कमी पडेल.

आता बाईंच्या कामाविषयी.

बाईंचं माहेर सेलू तालुक्यातलं, देवगाव फाट्याच्या आसपासचं. आमची शाळा ताडकळसहून पूर्णेला जाणाऱ्या रस्त्यावर. शाळेत संगणक आले तेव्हा ते कुणी हाताळायचे हा प्रश्न होता, आणि नव्या माणसावर नको ते काम ढकलायची जी रीत सगळ्याच शाळांत असते, तिच्याप्रमाणे ते बाईंवर आलं. जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षण झालं. तिथं टंकलेखन शिकवलं, तक्ते भरायला शिकवले. चहाच्या सुट्टीत तिथल्या एका शिक्षकानं सहज गंमत म्हणून पडद्यावर एक छोटासा त्रिकोण आणून दाखवला. त्याला कासव म्हणायचं. त्याला सांगायचं, इतकं पुढे जा, इतक्या अंशांनी वळ. कासव चालत जातं आणि चालताना मागे रेघ सोडतं. बाकीचे चहा पिऊन परत टंकलेखनाला बसले. बाईंचा चहा तसाच राहिला. त्या कासव घेऊन आल्या.

गणित शिकवायला त्यांना कासवाहून चांगला सोबती मिळाला नसता. चौकोन, त्रिकोण, चांदणी इथपर्यंत कुणीही गेलं असतं. बाई भुलभुलैयापर्यंत गेल्या. पोरांनी आधी भिंती काढायच्या, मग त्या भिंतींतून कासवाला बाहेर काढायचं, आणि पुढे दुसऱ्यानं खेळावा असा सबंध खेळच तयार करायचा. बाणाची कळ दाबली की कासव सरकलं पाहिजे, भिंतीला लागलं की परत आरंभाला गेलं पाहिजे, दाराशी पोचलं की जिंकलं पाहिजे. आज्ञा टंकायच्या इंग्रजीत. पण बाई आधी प्रत्येक आज्ञा मराठीत मोठ्यानं बोलायला लावत. मला पत्र्यापलीकडून ऐकू यायची ती हीच आरडाओरड.

आणि भारनियमनाच्या काळात वीज गेली की फक्की. पोरांतलं एक कासव व्हायचं, डोळ्यांवर दस्ती बांधून. बाकीच्यांनी त्याला तोंडानं आज्ञा द्यायच्या. नियम तीनच. कासवाला हसायचं नाही, कारण ते सांगितलं तेवढंच करतं, चूक असते ती सांगणाऱ्याची. रेघेला पाय लागला तर मुकाट्यानं पहिल्यापासून. आणि तिसरा नियम भुलभुलैया काढणाऱ्यासाठी. ज्यानं भिंती काढल्या त्यानं आधी स्वतः चालून दाखवायचं. वाट नसलेला भुलभुलैया काढायला बाईंच्या तासाला बंदी होती. हा तिसरा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आमच्याकडच्या पोरांची एक चूक मात्र अशी की, ती पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हातून बहुतेक होणार नाही. इथं कुणी डावं-उजवं बोलत नाही. बांध उगवतीचा, विहीर मावळतीची, घर खालच्या अंगाला. तेव्हा पोरं कासवाला सांगायची, "उगवतीकडं वळ." आणि गंमत म्हणजे पटांगणात ते चालायचं. दस्ती बांधलेल्या पोराला तोंडावर ऊन लागायचं आणि ते बरोबर वळायचं. पडद्यावरच्या कासवाला कसलं ऊन? ते जागचं हलायचं नाही. पोरं म्हणायची, "म्याडम, कासवच येडं हाय." दुसऱ्या दिवशी बाईंनी रेघा लिंबाच्या दाट सावलीत आखल्या. आता उगवती कुठली आणि मावळती कुठली? कासव बनलेलं पोरगं गोंधळून उभं राहिलं आणि मग घोळक्यातून हळूहळू शब्द आले, डावीकडं, उजवीकडं.

पण तेही पुरेसं नव्हतं. कासव तुमच्याकडे तोंड करून उभं असेल तर त्याची उजवी बाजू ही तुमची डावी असते. पोरं आपल्या उजवीकडे बोट दाखवून ओरडायची, कासव भलतीकडे जायचं. तेव्हा बाई एकच वाक्य म्हणत. ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की एखाद्या कवितेच्या ओळीसारखं पाठ झालं आहे. "चुकलं ना? मग आधी कासवाच्या मागं जाऊन उभं राहा."

मी आयुष्यभर कविता शिकवली. दुसऱ्याच्या जागी उभं राहावं हे समजावण्यासाठी मी किती दृष्टान्त दिले, किती चाली लावल्या, किती गळा काढला. बाईंनी ते एका फक्कीच्या डब्यात करून दाखवलं. मला थोडा हेवाही वाटला, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

पुढे आमचं भांडण मिटलं आणि उलटी वाहतूक सुरू झाली. एके दिवशी बाई माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. मी कविता फळ्यावर लिहून देत होतो. पहिल्यांदा ध्रुवपद पूर्ण लिहिलं, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'ध्रु.' एवढंच. बाई ताडकन उठल्या आणि माझा वर्ग चालू असताना निघून गेल्या. मला वाटलं, कंटाळल्या. पाचच मिनिटांत पलीकडून ऐकू आलं, "गुरुजी ध्रुवपद दरवेळी सगळं लिहितात का? मग तुम्ही 'पुढे जा, वळ, पुढे जा, वळ' हे चारदा कशाला लिहिता? एकदा लिहा. त्याला नाव द्या. आणि जिथं पाहिजे तिथं नुसती हाक मारा." त्या दिवसापासून आमच्या शाळेची पोरं कासवाच्या अशा आज्ञासमूहाला 'धृपद' म्हणतात. शहरात गेलेली आमची मुलं अजून तसंच म्हणतात आणि तिथले लोक त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. मराठी भाषेची माझ्या हातून जी काय सेवा झाली असेल तिच्यात मी ही पहिली धरतो, आणि ती माझ्या वर्गात झालीच नाही.

बाईंच्या वृत्तीविषयी एक प्रसंग सांगितला पाहिजे. तपासणीला एक साहेब आले होते. स्वभावानं वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी खोलीत डोकावून विचारलं, "हे काय, खेळ? टंकलेखन किती मुलांना येतं?" बाई म्हणाल्या, "टंकलेखन त्यांना हे करता करता येतं, साहेब. मी ते वेगळं शिकवत नाही." साहेबांनी सुचवलं की कासव बंद करावं. बाई नम्रपणे म्हणाल्या, "बंद नाही करणार." एवढंच. आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत, पदर खोचला नाही. शेरा वाईट मिळाला. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी तास नेहमीच्या वेळेला झाला.

बाईंची जिद्द ही अशी आहे. ती भांडत नाही. ती फक्त दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला येते.

हल्ली त्यांच्या शनिवारच्या तासाला सोजर नावाची एक मुलगी असते. नववीत आहे. घरी मेंढरं, थोडी शेती, बाकी दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. मागच्या वर्षी तिचे वडील नामदेव तिला शाळेतून काढायला आले. खोलीच्या दारातूनच म्हणाले, "म्याडम, पोरगी हितं कासव फिरवायलीय म्हणं. आमी घरी मेंढरं फिरवायलोत, तेवढं बास हाय की."

बाई म्हणाल्या, "न्या. पण तिनं खेळ तयार केलाय, तो एकदा खेळून बघा. मग न्या."

खेळात एक कोकरू होतं. त्याला वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या काट्याच्या आवारात पोचवायचं. नामदेवराव खुर्चीच्या कडेवर टेकले आणि कळा दाबू लागले. कोकरू काट्यात. परत पहिल्यापासून. परत काट्यात.

"सोजे, वाटच ठेवली न्हाईस तू."

"हाय दादा. तुमी वरून बगायलाव. कोकराच्या मागं हुबं ऱ्हाऊन बगा."

"म्या रोज कोकराच्या मागंच हुबा असतो, मला शिकवती का गं?"

"मग उजवीकडं कामून दाबायलाव? कोकराचं तोंड खाली हाय."

सगळी खोली हसली आणि नामदेवरावही हसले. पूर्णेची गाडी गेली, तिच्यामागची गेली, तरी ते उठले नाहीत. शेवटी कोकरू वाडग्यात शिरलं तेव्हा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "समदं ठीक हाय. पण लांडगा कुठाय? लांडगा न्हाई त्यो काय खेळ?" पोरीला न्यायला आलेला माणूस लांडग्याची फर्माईश करून एकटाच परत गेला. पुढच्या शनिवारी खेळात लांडगा आला. सोजर अजून शाळेत आहे.

बाईंच्या मायेचाही एक प्रसंग सांगतो, कारण तो मी स्वतः अनुभवलेला आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीच अंधुक दिसायचं. घरी दुसरं कुणी नाही. ताडकळसच्या थांब्यावर उतरलो तर बाई उभ्या. कुणी सांगितलं त्यांना, कोण जाणे. मला कुणी हाताला धरून चालवलेलं आवडत नाही. हेही त्यांना ठाऊक असावं. त्या हात न लावता माझ्या मागे चालू लागल्या. बाजाराचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी, मधेच टोपल्या, मधेच जनावरं. मागून शांत आवाज येत होता. "गुरुजी, चार पावलं सरळ. थांबा. आता तुमच्या डावीकडं. पायरी आहे." मी कासवासारखा चालत होतो, आणि सबंध बाजारातून माझा पाय कुठंही अडखळला नाही. दाराशी आलो तेव्हा म्हणालो, "बाई, भिंतीला लागलो का हो कुठं?" त्या म्हणाल्या, "नाही. जिंकलात. कुलूप उघडा आता." त्या दिवशी माझा मान त्यांनी माझ्या हातात जसाच्या तसा ठेवला, हे मी विसरू शकत नाही.

अशा बाईंच्या खोलीला आज कुलूप आहे, मंडळी.

संस्थेच्या बैठकीला जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. अध्यक्ष व्यंकटराव हे माझे शत्रू नाहीत. या शाळेवर पत्रे नव्हते तेव्हा ते स्वतः शिडीवर चढलेले मी पाहिले आहेत. पण त्या दिवशी ते म्हणाले, "म्याडम, सरळ सांगा. इतकी वर्षं कासव फिरवलं. त्याच्यामुळं नोकरी किती जणांला लागली?"

बाई म्हणाल्या, "त्याच्यासाठी मी शिकवतच नव्हते, साहेब. आपली चूक आपल्याला सापडावी, तेवढंच शिकवत होते. पुढचं त्यांचं ते बघतात."

"चूक सापडून पोट भरत न्हाई."

"नाही भरत. पण न सापडली तर भरलेलंही राहत नाही."

व्यंकटराव हसले आणि ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर मी रागानं काय काय बोलत होतो ते इथं लिहीत नाही. बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "गुरुजी, साहेब जिथं उभे आहेत तिथून त्यांना वाट दिसत नसेल." मी म्हणालो, "मग काय त्यांच्या मागं जाऊन उभं राहायचं?" त्या म्हणाल्या, "उभं राहायचं. खोली मात्र सोडायची नाही." हे दोन्ही एकाच माणसाला एका वेळी कसं जमतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या शनिवारी बाई आल्या तर खोलीला नवं कुलूप. त्यांच्याजवळची किल्ली लागेना. पोरं पायरीवर बसलेली. मीही गेलो होतो, कारण मला घरी राहवलं नव्हतं. बाईंनी कुलूप एकदा हातात घेऊन पाहिलं, सोडलं आणि शिपायाकडून फक्कीचा डबा मागवला. मग त्यांनी फाटकापासून संस्थेच्या कार्यालयाच्या दारापर्यंत सबंध पटांगणभर भुलभुलैया आखला. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस उन्हात वाकून रेघा ओढतो आहे, आणि पोरं डब्यामागे डबा आणून देताहेत. आखून झाल्यावर नियमाप्रमाणे बाई स्वतः एकदा चालून आल्या.

तेवढ्यात व्यंकटरावांची जीप फाटकात थांबली.

"म्याडम, हे काय मांडलंय?"

"शनिवारचा तास आहे, साहेब."

"रस्त्यात?"

"वीज गेली की आम्ही बाहेर बसतोच. आज कुलूप आलं, तेवढाच फरक."

"मला ऑफिसात जायचंय."

"जा की. वाट आहे. मी चालून बघितली आहे."

व्यंकटराव खाली उतरले. एवढ्या पोरांसमोर काय करावं त्यांना सुचेना. आमची सोजर कार्यालयाच्या बाजूला उभी होती, त्यांच्या समोर. ती धीटपणे म्हणाली, "साहेब, म्या सांगू का? दोन पावलं पुढं या. आता उजवीकडं." ते तिच्या हाताच्या दिशेला वळले. "तसं न्हाई साहेब. तुमच्या उजवीकडं, माझ्या न्हाई." ते वळले. थोडं हसलेही. दोन-तीन वळणं बरोबर गेली, आणि मला क्षणभर वाटलं, हा माणूस पोचणार. मग खिशातला फोन वाजला. त्यांनी फोन कानाला लावला आणि रेघांवरून सरळ चालत कार्यालयात निघून गेले.

सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "भिंत."

आणि मग सोजर, एकटीच, अगदी हळू, "साहेब, परत पहिल्यापासून."

कार्यालयाचं दार आतून लागलं. कुणी हसलं नाही. कासवाला हसायचं नाही, हा नियम पोरं विसरली नव्हती. बाईंनी पुढचं कासव बोलावलं आणि तास वेळेवर संपेपर्यंत चालला. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार तसाच पटांगणात चालला आहे. पावलांनी रेघा पुसल्या जातात, बाई पुन्हा ओढतात.

हा प्रसंग समितीनं गाळला तर माझी तक्रार नाही. सत्काराच्या दिवशी मी मंडपात उभा राहून तो तोंडपाठ म्हणेन. पाठांतरात माझं आयुष्य गेलं आहे. आणि संस्थेलाही, ग्रंथाच्या निमित्तानं, बाईंचा तिसरा नियम आठवण म्हणून सांगतो. तुम्ही भिंती काढल्यात, आता चालून दाखवा. या पोरांसाठी वाट कुठून ठेवली आहे ते दाखवा. नसेल ठेवली, तर तो भुलभुलैया आमच्या शाळेत चालणार नाही.

बाईंना काय इच्छावं? शाल तर समिती देणारच आहे. मी एवढंच मागतो की त्यांच्या गुडघ्यांत फक्कीच्या रेघेपर्यंत वाकण्याचं बळ पुष्कळ वर्षं राहो. उन्हाचा त्रास त्यांना न होवो, आणि लिंबाची सावली त्यांच्या वाट्याला नेहमी येवो. त्यांच्या आवाजाला खोकला न लागो, कारण त्या आवाजावर डोळे मिटून चालणारे आम्ही पुष्कळ आहोत. त्यांच्या आयुष्याच्या कवितेला नवी नवी कडवी मिळत जावोत, आणि ध्रुवपद मात्र तेच राहो. ते पुन्हा लिहायचीही गरज नाही. नुसतं 'ध्रु.' लिहिलं तरी आम्ही सगळे ते एका सुरात म्हणू.

इथं लेख संपवून सही करावी म्हणून पेन उचललं, तोच दार वाजलं. दुपारची वेळ. या वेळेला माझ्याकडे कुणी येत नाही. म्हटलं, "उघडंच आहे, लोटा."

दारात व्यंकटराव. इतक्या वर्षांत हा माणूस कधी माझ्या घरी आला नव्हता. बाहेर लख्ख ऊन आणि माझी खोली अंधारी. उन्हातून आल्यामुळं त्यांना काही दिसत नव्हतं. एक हात चौकटीला धरून ते डोळे मिचकावत उभे होते.

"गुरुजी, लेख झाला का?"

"होतच आला."

"मी हाय का त्यात?"

"आहात."

"रेघेवरून गेलो तेबी?"

"तेही."

मला वाटलं, आता म्हणतील, तेवढं काढा. मी पेनाचं टोपण घट्ट लावलं.

"राहू द्या. दर शनिवारी रेघेवर पाय देऊन आत जाणं आता होत न्हाई," ते म्हणाले. मग दुसरा हात पुढे केला. हातात ते नवं कुलूप होतं, किल्लीसकट. "खोलीला नुसती कडी लावून आलो. शिकवणीवाल्यांला सांगितलं, दुसरीकडं बगा म्हणून. म्याडमच्या दारात जायला मन धजंना, म्हणून तुमच्याकडं. हे कुठं ठेवू?"

त्यांना ऐकवायला माझ्याजवळ कितीतरी वाक्यं तयार होती. बैठकीपासूनची, यमकं जुळवून ठेवलेली. पण ते दारात तसेच उभे होते, पुढे पाऊल टाकायचं की नाही ते न कळून, आणि माझ्या खोलीत जिकडेतिकडे पुस्तकांचे ढीग. मी उठलो. जागचा हललो नाही, पण मनानं त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"दोन पावलं पुढं या, साहेब," मी म्हणालो. "थांबा. आता उजवीकडं वळा, खुर्ची आहे. तुमच्या उजवीकडं, माझ्या न्हाई."